बोलावलं त्याला घालवावं लागतं

माझ्या आयनं एका कुत्र्याला पितर म्हणून मांडवात बोलावलं. तीनदा. डोळे मिटून, हात जोडून, माईकवर. आणि समोर बसलेली माणसं पोट धरून हसत होती.

तिला माहीत नव्हतं तो कुत्रा आहे. तिनं नवरदेवाला विचारलं, तुमच्या घरातलं कोण कोण गेलंय, त्यांची नावं सांगा. नवरदेवानं गालातल्या गालात हसून मित्राकडं बघितलं. मित्र माईक ओढून म्हणाला, "ब्रूनो आजोबा. फार प्रेमळ होते." आय जराशी अडखळली. नाव तिच्या जिभेला नवीन होतं. शहरातली माणसं, असेल त्यांच्या घराण्यात कोणी ख्रिस्ती, असं वाटलं असणार तिला. सांगितलेल्या नावावर शंका घ्यायची आमच्यात रीत नाही. मेलेल्या माणसाचं नाव कोण खोटं सांगेल? तिनं ते नाव घेतलं, गळ्यात घोळवलं, चालीत बसवलं. ब्रूनोआजोबा मांडवी या, तांदळाच्या चौकावर बसा, नातवाला आशीर्वाद द्या.

मोबाइल वर गेले. एक बाई डोळे पुसत होती, हसून हसून पाणी आलं होतं तिच्या डोळ्यांत. मागून कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं. आयला वाटलं, लोकांना आवडलं. तिनं आणखी मन लावून गायलं. मला आजही तेच सगळ्यात जास्त लागतं.

तेवढ्यात हातात आईस्क्रीम घेतलेली एक लहान मुलगी स्टेजवर चढली आणि नवरीचा पदर ओढून म्हणाली, "मम्मा, पण ब्रूनो तर आपला डॉगी होता ना?"

माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. आयलाही. ती गायची थांबली.

आता हे सगळं नीट सांगते, कारण त्या संध्याकाळचा व्हिडिओ खूप जणांनी पाहिलाय आणि त्यात अर्धंच दिसतं.

आमचा कोळीवाडा मुरुडच्या अलीकडं. वाड्याच्या पुढं खडक, खडकाच्या पलीकडं सुरूची झाडं, आणि त्या झाडांत रिसॉर्ट. मी कॉलेज केलं, हॉटेलचा एक कोर्स केला आणि तिथंच रिसेप्शनला लागले. घरात आय आणि मी. मी आठवीत असताना बा समुद्रात गेला. होडी सापडली, बा सापडला नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी मॅनेजरनं माझं नाव बदललं. गेस्टच्या तोंडात बसत नाही म्हणे. बिल्ल्यावर रिया आलं. मी म्हटलं मरू दे, नोकरी आहे. मग माझा डबा त्याच्या नाकात गेला. डब्यात सुकटीची चटणी होती, रोजचीच. तो माझ्या खुर्चीभोवती फिरला, मला हुंगलं, दोन गेस्ट समोर चावी घ्यायला उभे असताना. म्हणाला, "हात धुऊन ये. लिंबानं धू." मी गेले आणि धुतले. कोपरापर्यंत धुतले. दुसऱ्या दिवसापासून जनरेटरच्या मागं बसून जेवायला लागले. त्याच रिसॉर्टच्या मेन्यूत पहिल्या पानावर कोळी थाळी आहे आणि तिच्यात सुकट आहे. आमचं जेवण त्यांच्या ताटात चालतं, आमच्या डब्यात चालत नाही.

बोलण्याचं तेच. आयचा फोन आला आणि मी आमच्या बोलीत बोलले की हा डोळे वटारायचा. शनिवारी मात्र तीच बोली हवी. शनिवारी कोळी नाइट. आम्ही मुलींनी लुगडी नेसायची, डोक्यावर पाटी घ्यायची, पाटीत रबराचे मासे, आणि "या दादा, म्हावरा घ्या" म्हणत टेबलांमधून फिरायचं. माझी मावशी खऱ्या माशांची पाटी घेऊन आली की वॉचमन तिला मागच्या बाजूनं पिटाळायचा, आणि मी रबराचा पापलेट डोक्यावर घेऊन पुढच्या दारात उभी. संताप यायचा. गिळायचे. घरी जाऊन उगाच आयसमोर भांडी आपटायचे.

माझी आय धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लग्न लावायला आधी बाई लागते, भटजी नंतर आला. धवलारीण गाते. हळदीपासून मांडव सुटेपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ती देवांना मांडवात बोलावते. मग पितरांना, नाव घेऊन. नाव घेतलं की तो माणूस येतो, असं आम्ही धरून चालतो. नवरीचा मेलेला आजा येतो, बुडालेला काका येतो, चौकावर बसतो, लग्न बघतो. आणि काम झालं की धवलारीण एकेकाचं नाव घेऊन त्याला परत घालवते. बोलावणं सोपं असतं, आय म्हणते, घालवणं येतं ती धवलारीण. तसंच अर्ध्यात सोडलं तर तो जीव ना इकडचा ना तिकडचा, ताटकळत राहतो. नवरा गेलेली बाई धवला गायला आमच्याकडं चालते. बा गेल्यावर इतर बायका कुंकवाला आयला टाळायच्या, पण लग्न ठरलं की पहिला नारळ आमच्याच दारात यायचा. त्या एका गोष्टीवर माझी आय ताठ चालायची.

मॅनेजरला हे कुठून कळलं कोण जाणे. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. पहिल्यांदाच दिली. म्हणाला, मुंबईचं एक जोडपं आहे, त्यांना समुद्रावर कोळी पद्धतीनं लग्न करायचंय, अगदी ऑथेंटिक. तुझी आई करते ना ते? मी दोनदा विचारलं, खरंच लग्न आहे ना सर? तो म्हणाला, लग्नच आहे.

मी घरी जाऊन सांगितलं आणि आयचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. बाहेरची माणसं आपलं लग्न मागतायत, म्हणाली. लग्नाच्या दिवशी सकाळपासून तिनं उपास धरला. तांदूळ निवडले, चौकासाठी पीठ दळलं, उंबराची फांदी स्वतः जाऊन आणली. बाच्या वेळचं हिरवं लुगडं काढलं. खरं सांगू, मलाही मस्ती चढली होती. मला वाटलं, आता बघू दे त्या मॅनेजरला माझी आय कोण आहे.

स्टेजवर थर्मोकोलची होडी होती आणि जाळ्यात प्लास्टिकचे शिंपले. आयनं त्याकडं लक्षच दिलं नाही. पदरानं जागा पुसली, चौक भरला, उंबर रोवला, दिवा लावला. नवरी आली. आय माझ्या कानाशी लागली, "वयानं जरा झालीय गो." मग स्वतःच म्हणाली, जमलं नसेल लवकर, हल्ली होतात उशिरा लग्नं. आणि ती गायला बसली.

आधी गावदेवीला बोलावलं. मग आपल्या सासूला, जिनं तिला धवला शिकवला. मग बाला. दर लग्नात ती बाला बोलावते, त्याची परवानगी घेतल्याशिवाय पुढं जात नाही. बाच्या नावानं हाक मारायची ही एकच जागा उरलीय आम्हाला. मी लहानपणापासून ते ऐकत आले, तरी प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो. त्या वेळीही आला. त्यानंतर तिनं नवरदेवाला त्याच्या पितरांची नावं विचारली. पुढचं सांगितलंच आहे.

मुलगी बोलून गेली आणि हशा आणखी वाढला. मी धावत मॅनेजरकडं गेले. तो हसत होता. मी विचारलं, ही नवरी त्या मुलीची आई कशी? तो हळू आवाजात म्हणाला, "दहावी अ‍ॅनिव्हर्सरी आहे त्यांची. थीम आहे. सांगितलं असतं तर आली असती का तुझी आई?" आणि वर म्हणाला, "गेस्ट एन्जॉय करतायत. तूपण जरा हस."

हस जरा म्हणे.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. लिंबानं हात धुतले तेव्हा मी गप्प होते. रबराचे मासे मिरवले तेव्हा गप्प होते. ते सगळं माझ्यावर होतं, मी सोसलं. पण माझ्या आजीला, बाला, गावदेवीला यांनी या थर्मोकोलच्या होडीत आणून बसवलं होतं, आणि शेजारी कुत्रं. मी स्टेजवर चढले, माईकची वायर ओढून काढली आणि आयचा दंड धरला. म्हटलं ऊठ, चल, हे लग्न नाय, ही लोकं तुझी मजा करतात.

आय उठली नाही. माझा हात सोडवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही.

"हाक मारलीय मी. येवून बसलीत ती. त्यांना घालवल्याशिवाय मी नाय उठायची."

मी म्हटलं, आय, कुत्रा होता तो.

"मंग त्याला पन घालवते. त्या मुक्या जीवाचा कं दोष?"

आणि ती माईकशिवाय गायला लागली. घालवण्याचा धवला.

आता लोकांना कंटाळा आला होता. जेवण लागलं होतं, अर्धे तिकडं गेले. डीजेवाल्यानं गाणं सुरू केलं, फळ्या हादरायला लागल्या. आयचा आवाज मला हाताच्या अंतरावर ऐकू येत नव्हता, तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. ती एकेकाला घालवत होती. नवरदेवाचा तो मित्र मोबाइल घेऊन पुन्हा वर आला, त्याला जवळून काढायचं होतं. मी मधे उभी राहिले.

"फोन खाली," मी म्हटलं.

"ए, तू स्टाफ आहेस ना?"

"व्हते. आता न्हाय."

त्यानं बाजूनं जायला बघितलं, मी बाजूला सरकले. तो दुसरीकडून आला, मी दुसरीकडं सरकले. मॅनेजर खालून दातओठ खात हातवारे करत होता. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण आय माझ्या पाठीमागं होती आणि तिचं काम संपायचं होतं. बिल्ला काढून मी स्टेजवर टाकला. आयनं शेवटी त्या कुत्र्याला घालवलं, मी वाकून कान दिला तेव्हा ऐकू आलं, जा बाबा म्हणाली, तुझ्या माणसांनी हाक मारली म्हणून आलास, आता सुखानं जा. मग दिवा शांत केला, चौक हातानं मोडला, उरलेले तांदूळ पदरात बांधले आणि उठली. त्या अख्ख्या जागेत त्या कुत्र्याशी माणसासारखं वागलेली ती एकटीच होती.

खडकावरून घरी आलो. ती रडली नाही, मी रडले. शरमेनं नाही, रागानं. इतका राग मला कधीच आला नव्हता.

व्हिडिओ आमच्या आधी वाड्यात पोचला होता. त्यात कुत्र्याला हाक मारणारी आय होती, लोकांचं हसणं होतं. घालवणारी आय कुणी काढलीच नव्हती. आमच्यातल्याच बायका कुजबुजायला लागल्या, धवला हाटेलात नेला, देव बाजारात बसवले. पुढच्या आळीत लग्न होतं, नारळ ठेवून गेले होते. यजमानीण आली, इकडचं तिकडचं बोलली आणि नारळ परत घेऊन गेली. लग्नाला डीजे आणला. आय उंबऱ्यावर बसून जवळा निवडत राहिली. मी त्या बाईच्या घरी जाऊन भांडले. ती म्हणाली, तुझं खरं असेल गो, पण लोकांनी बघितलं ते बघितलं. माझ्या आयकडं जे एक होतं तेही असं गेलं. ज्यांनी घालवलं त्यांना त्याचा पत्तापण नसेल. ते मुंबईला जाऊन झोपले असतील.

मी एवढ्यावर थांबले असते कदाचित. दुसरी नोकरी बघितली असती, पाली, माणगाव, कुठंही. पण मग शनिवार आला.

वारा आमच्या दिशेनं होता. संध्याकाळी आय ओट्यावर बोंबील उलथत होती. सुरूच्या बाजूनं गाणं आलं. आयचे हात थांबले.

"माझा आवाज हाय तो," ती म्हणाली.

तिचाच होता. त्या दिवशी माईकवर रेकॉर्ड झालेला धवला त्यांनी स्पीकरवर लावला होता. कुत्र्याचा भाग कापला होता, बाकी सगळं होतं. गावदेवी, आजी, बा. माझ्या बाचं नाव, आयच्या तोंडून, बार्बेक्यूच्या वासात. आणि बाचं नाव झालं की पुन्हा पहिल्यापासून. घालवण्याचा धवला त्यात नव्हताच. माईकची वायर मीच काढली होती ना.

आय हात धुऊन वाळूत जाऊन बसली. गायला लागली. तिकडून बोलावत होते, इकडून ती घालवत होती. तिचं संपायचं, तोवर तिकडं परत सुरू. दम लागला तिला. मी म्हटलं, पुरे आय. ती म्हणाली, "तो उभाच ऱ्हायला असंल गो. एवढा लांबनं आला, कुनी बस म्हनना, कुनी जा म्हनना." तेव्हा ती रडली. बा गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी रिसॉर्टच्या फाटकात गेले. मॅनेजर बाहेर आला, गोड बोलला. म्हणाला, गेस्टना फार आवडतं ते, एक वेगळाच फील येतो. तुझ्या आईलाच दर शनिवारी पाठव की. मी म्हटलं, बंद करा ते. त्यात माझ्या बाचं नाव आहे. तो म्हणाला, "अगं, रेकॉर्डिंग आमच्या जागेत झालंय. आणि शब्द कोणाला कळतात?"

मला कळतात. माझ्या आयला कळतात. तुम्हाला आमचं सगळं हवं आहे, फक्त त्यात आम्ही नको आहोत. लुगडं हवं, नेसणारी नको. गाणं हवं, त्यातला मेलेला माणूस नको. मी एवढी शिकले ती तुमच्यासारखं बोलायला, तुमच्यासारखं हसायला, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा परत कोळीण व्हायला. बास झालं.

वाड्यातले पुरुष म्हणतात, नको वाकडं घेऊ, आपली पोरं तिथं गाड्या चालवतात, आपलं म्हावरं तिथं जातं. खरं आहे त्यांचं. मी त्यांना या म्हणणार नाही. बायकांना सांगितलंय. मावशी येते म्हणाली. त्या नारळ परत नेलेल्या बाईनंही माझं सगळं ऐकून घेतलं. कोणी येवो न येवो.

या शनिवारी मी जाणार. स्पीकर बंद करा असं एकदा सांगणार, मराठीत, सगळ्या गेस्टांना ऐकू जाईल असं. नाही केला तर वायर उपटणार. पोलीस बोलावू देत. आणि मग तिथंच, त्यांच्या टेबलांच्या मधे, जमिनीवर बसून मी माझ्या बाला घालवणार. घालवण्याचा धवला मी आयकडून पाठ करून घेतलाय.